गाडी घसरली, म्हणे

२० जानेवारी, सोमवार

ठिबकची कंपनी दरवर्षी आम्हा दुकानदारांना एक जाडजूड डायरी देते. ती दरवर्षी माझी बायको उत्कर्षा घेऊन जाते आणि शाळेची टाचणं काढते. यंदा मी दिली नाही. "तुम्ही काय लिहिणार?" म्हणाली. पाय उशीवर ठेवून महिना काढलेल्या माणसाला लिहिण्यासारखं पुष्कळ असतं, पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

तर लिहितो. डिसेंबरात एका मंगळवारी संध्याकाळी भवानीनगरच्या अलीकडे रस्त्याला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती आणि तिच्यावर माझी मोटरसायकल जाऊन आदळली. उजवा गुडघा ट्रॉलीच्या लोखंडी कोपऱ्यावर बसला. बारामतीत ऑपरेशन झालं. आता पायाला पट्ट्यांचं एक जोखड बांधलंय आणि डॉक्टर म्हणतात, लिगामेंटसाठी अजून एक ऑपरेशन लागेल, नाहीतर उकिडवं बसायचं विसरा. माझं सगळं काम उकिडवं बसून. लोकांच्या शेतात नळ्या अंथरायच्या, जोड द्यायचे. सणसरमध्ये नुसतं गल्ल्यावर बसून ठिबकचं दुकान चालत नाही.

ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. आणि अंधार पडला होता. आल्यागेल्याला मी हेच सांगतो.

ट्रॉली इंद्रजितची. त्याचे चार ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढतात. रस्त्याला लागूनच बंगला आहे, गेटवर सिमेंटचे दोन सिंह, त्यातल्या एकाचा कान उडालेला. मला दवाखान्यातही त्यानंच नेलं, स्वतःच्या गाडीतून. उत्कर्षा मागं माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तो गाडी चालवता चालवता आरशातून मागं बघत होता. माझ्याकडे की आणखी कुणाकडे, ते आडव्या माणसाला कळत नव्हतं.

उत्कर्षा भवानीनगरच्या शाळेत शिकवते. शाळा सुटून बराच वेळ झाला होता. ती तिथं कशी, हे मला कुणी विचारत नाही. मीच मला रोज विचारतो.

शेजारचा दत्तोबा शिंपी आज मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून आला आणि म्हणाला, "विजूभाऊ, पडून काय राह्यलाय? क्लेम टाक. ट्रॉलीवाल्यावर टाक." पाहुण्यातली एक वकील बारामतीत आहे म्हणे.

विचार वाईट नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सासूबाई आल्या. डाळजहून यायचं म्हणजे भिगवणची चिलापी आणल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नाही. मासे उतरवून ठेवले, माझ्या गुडघ्याकडे बघून पदर डोळ्याला लावला आणि लगेच सुरू झाल्या.

"त्या इंद्रजितरावानं लई केलं बगा. नवी गाडी रगतानं भरली, पर मानूस येका शब्दानं बोलला न्हाय. सोयरीक जुळली न्हाय म्हनून काय झालं, मानुसकी सोडली न्हाय त्यानं."

उत्कर्षा आतून म्हणाली, "आई, पुरे."

एवढं मोठ्यानं 'पुरे' म्हणायचं काय कारण होतं? साधं सांगतो. माझ्या आधी उत्कर्षाला बघायला इंद्रजित आला होता. पोहे झाले, चहा झाला, नंतर काहीतरी बिनसलं. मग दोन वर्षांनी मी. सासूबाई ते स्थळ असं आठवतात जसं कुणी हुकलेला प्लॉट आठवतं. का मोडलं, हे मी कधी विचारलं नाही. पत्रिका असेल, मानपान असेल. तो नको म्हणाला असेल. विचारलं आणि तिनं सांगितलं तर ते जन्मभर सोबत ठेवावं लागेल.

मासे चांगले झाले होते. मी रागानं जास्त खाल्ले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बारामती. आधी डॉक्टर, मग वकील. दत्तोबा सोबत होता. वकिलांचं नाव प्रतिक्षा, ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर. जिना चढताना मला सगळे देव आठवले. वाटलं होतं वयस्कर कुणीतरी असेल, तर ही उत्कर्षापेक्षा लहान.

त्यांनी सगळं नीट समजावलं. दावा ट्रॅक्टरच्या मालकावर आणि विमा कंपनीवर टाकायचा. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकलेला बरा, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत. आधी पोलिसांत फिर्याद हवी, ती आपण दिलेलीच नाही, उशीर का झाला ते सांगावं लागेल. ट्रॅक्टरचा विमा असतोच, पण ट्रॉलीचा बरेचजण काढत नाहीत. "मग काही वेळा मालकाला स्वतःच्या खिशातून भरावं लागतं," त्या म्हणाल्या. हे ऐकलं आणि खरं सांगतो, गुडघा दुखायचा थांबला.

मग त्यांनी विचारलं, "दवाखान्यात काय सांगितलं होतं? अपघात कसा झाला म्हणून?"

"ट्रॉलीवर आदळलो. दुसरं काय सांगणार?"

"तुम्ही सांगितलं की बरोबरच्यांनी?"

आणि तेव्हा मला आठवलं. स्ट्रेचरवर होतो, डोक्यावर पंखा फिरत होता आणि उत्कर्षाचा आवाज ऐकू आला होता. "गाडी घसरली त्यांची." इतके दिवस मला वाटत होतं, इंजेक्शनच्या गुंगीत आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तसं लिहिलं गेलं असेल तर कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच शब्द धरणार. घसरली म्हणजे आपली आपण पडली. ट्रॉलीचा संबंधच संपला. का सांगितलं तसं, ते घरी विचारून घ्या."

येताना एसटीत दत्तोबा गप्प होता. त्याला गप्प बसता येतं हे मला आजच समजलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं. ती श्रेयाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आमची श्रेया तीन वर्षांची आहे, तिचे कपडे केवढेसे, तरी ती घडी घालून झालेला फ्रॉक पुन्हा उलगडून घालत होती.

"दवाखान्यात गाडी घसरली असं कोण म्हणालं?"

"मी."

"का?"

"तेव्हा तेच तोंडात आलं."

"ट्रॉली दिसली नाही तुला? एवढी मोठी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हसेल की काय असं वाटलं, मग वाटलं रडेल. दोन्ही केलं नाही. म्हणाली, "मला दिसली होती," आणि कपडे घेऊन आत गेली.

म्हणजे दिसली होती. ट्रॉली कुणाची हेही माहीत होतं. नवरा रक्तात पडलाय आणि हिच्या तोंडात काय आलं, तर इंद्रजितचा ट्रॅक्टर सुटेल असा शब्द. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. माझी आई ताट घेऊन आली, मी भूक नाही म्हणालो. भूक होती.

९ फेब्रुवारी, रविवार

दावा टाकायचा. ठरलं.

डायरी माझी आहे तर इथं खरं लिहायला हरकत नाही. गुडघा निमित्त आहे. मला इंद्रजितला कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभा बघायचाय. ते नेहमीचं जाकीट घालून, मिशीवरनं हात फिरवत नाही, तर घाम पुसत. आणि तो उभा असताना उत्कर्षाचा चेहरा बघायचाय. ऑपरेशनला पैसे मिळाले तर मिळाले.

त्या संध्याकाळचं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इंद्रजितचं अंगण, ती उभी. मोरपंखी साडी, दिवाळीला मीच घेतलेली. पदर कमरेला खोचलेला. हातात कपबशी, पांढरी, कडेला निळी नक्षी. घरी ती चहा पेल्यात पिते, उभ्याउभ्या, निम्मा थंड झालेला. तिथं कपबशीत. आणि हसत होती. गेल्या वर्षभरात आमच्या घरात ती तशी हसलेली मला आठवत नाही.

आणि अंधार होता. हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं, वकीलबाई पुन्हा विचारणार आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

इंद्रजित घरी आला. मोसंबीची पिशवी घेऊन. गावात जयंतीची मिरवणूक होती, तिकडून सरळ इकडे. फेटासुद्धा काढला नव्हता. फेट्यात माणूस उगाच उंच दिसतो.

आईनं त्याला खुर्ची दिली. मी कॉटवर. म्हणजे बोलताना मला वर बघायला लागत होतं.

"विजयराव, तुमी दावा टाकताय असं कानावर आलं," तो म्हणाला. "टाका. माजी हरकत न्हाय. टायर बसला व्हता, ट्रॉली निम्मी रस्त्यात व्हती, ती चूक मी मान्य करतो. इचारलं तर मी खरं हाय ते सांगीन."

"खरं म्हणजे?"

त्यानं उत्कर्षाकडे बघितलं. ती चहा घेऊन दारात उभी होती. "म्हंजे आपलं... जे झालं ते," म्हणाला. "मॅडमना म्हाईत हाय."

मॅडम. दहा मिनिटांत पाच वेळा मॅडम. त्याची मुलगी छकुली हिच्या वर्गात आहे, तेव्हा मॅडम म्हणणार हे मला कळतं. पण ज्या मुलीला बघायला आपण जाऊन आलो, तिला 'मॅडम' म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. याची अडखळत नव्हती. म्हणजे सरावाची आहे. आणि अडखळली असती तर मी काय लिहिलं असतं, हेही मला माहीत आहे.

चहात आलं होतं. मला आल्यानं जळजळ होते म्हणून आमच्या घरात आलं घालत नाहीत. आज होतं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "धमकी देऊन गेला."

"कसली धमकी?"

"खरं सांगीन म्हणाला."

उत्कर्षा पेले उचलत म्हणाली, "खरं सांगीन ही तुम्हाला धमकी वाटते का?" आणि मोसंबी सोलून आणली. मी खाल्ली नाही. श्रेयानं सगळी खाल्ली.

१० मार्च, सोमवार

आज वकीलबाईंनी फिर्यादीचा मसुदा करायला घेतला. दत्तोबाला मुद्दाम नेलं नाही. त्या विचारत होत्या, मी सांगत होतो.

"भवानीनगरला कशासाठी चालला होतात?"

"पाईप बघायला."

"कुठल्या दुकानात?"

मी म्हणालो, दुकान बंद होतं. बाईंनी काहीच लिहून घेतलं नाही.

"उजेड होता?"

"अंधार. मिट्ट."

"बरं. धडक बसायच्या आधी समोर काय दिसलं? आठवेल तसं सांगा, घाई नको."

आता हा प्रश्न असा विचारला की मी आठवायला लागलो, आणि आठवायला लागलो तर आठवत गेलं. गेट, सिंह, त्याचा उडालेला कान. उत्कर्षा. मोरपंखी साडी. हातात कपबशी, कडेला निळी नक्षी. पुढं रस्त्यात इंद्रजितचा ड्रायव्हर बिरू दोन्ही हात वर करून हलवत होता. ओळखीचा आहे, रामराम घालतोय वाटलं, म्हणून मीही मान हलवली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"विजयसिंह," त्या म्हणाल्या, "अंधारात कपबशीवरची नक्षी दिसली, आणि ट्रॉलीभर ऊस दिसला नाही?"

मी पाणी मागितलं.

त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "दावा मरत नाही यानं. निम्मी ट्रॉली रस्त्यात होती, मागं काही खूण नव्हती, त्यांचा दोष आहेच. पण तुमचाही धरतील. रक्कम निम्म्यावर येईल, तरी दुसरं ऑपरेशन त्यात होईल. आता एवढ्यासाठी काय करायचं ते बघा. तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून हे सगळं सांगावं लागेल. समोरचा वकील सोडणार नाही, कुठं बघत होता ते विचारणार. मग तुमच्या मिसेसना बोलावतील आणि गाडी घसरली असं का म्हणालात ते विचारतील. त्या काय सांगणार, ते आधी त्यांच्याकडून ऐका. आणि अंगणात अजून कोण कोण होतं?"

"कुणी नव्हतं. ती एकटीच."

"विचारा," बाई म्हणाल्या.

मसुदा खिशात घालून आलो. सही केलेली नाही.

११ मार्च, मंगळवार

हे आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं लिहीन.

शाळेतून आल्यावर तिला विचारलं, त्या दिवशी अंगणात कोण होतं.

"सगळा स्टाफ," ती म्हणाली. "गॅदरिंगची तालीम होती. शाळेच्या मैदानावर मांडव घालत होते, म्हणून छकुलीच्या अंगणात घेतली. तिच्या आईनं सगळ्यांना चहा केला. मोठ्या बाईंच्या हातात पण कपबशी होती. सगळ्यांच्याच होती. आणि पोरं सगळीकडं नुसती नाचत होती. गाणं लावलेलं, रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं."

"मला कुणी दिसलं नाही."

"व्हय. तेच तर म्हणते मी."

ती रागात असली की डाळजचं बोलते. पुढचं सगळं तसंच बोलली.

"तुमी येताना मी लांबनंच बगितलं. गाडी चाललीय आन् मान माज्याकडं. बिरू बोंबलतोय, हात करतोय, आन् तुमी त्याला मान डोलावली. मग गेलात ट्रॉलीवर. गाणं चालूच व्हतं पण सगळी गप झाली. मला वाटलं, आता कुणीतरी हसंल. तुमी तितं रगतात पडलेला आन् कुणीतरी हसंल. मी पळत सुटले आन् वरडले, गाडी घसरली, गाडी घसरली. येवढ्या मोठ्यानं वरडले की मग सगळ्यांनी तेच धरलं. मोठ्या बाईंनी धरलं, बिरूनं धरलं. त्येंनी पन धरलं."

"त्येंनी म्हणजे इंद्रजितनं."

"व्हय, इंद्रजितरावांनी. आजपतुर कुणी तोंड उघाडलं न्हाय. तुमीच वकील घेऊन उघाडायला निघालाय."

मी म्हणालो, कोर्टात बोलावलं तर काय सांगशील. ती म्हणाली, "शपथ घालून इचारलं तर खोटं बोलनार न्हाय. येकदा बोलले, ते तुमच्यासाठी. दोनदा न्हाय जमनार."

मग मला काय झालं कोण जाणे, मी ते विचारलं. इतकी वर्षं न विचारलेलं. ते स्थळ का मोडलं.

तिला हसू आलं, खरंच. म्हणाली, "मीच नको म्हटलं. बसल्यापासून उठेपर्यंत तेच बोलत होते. किती एकर, किती ट्रॅक्टर. मला एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही आलात तेव्हा मी भिगवणच्या शाळेत शिकवायला जात होते. तुम्ही विचारलं, घरी यायला एसटी किती वाजता मिळते? उशीर झाला तर काय करता? आठवतं का?"

आठवत होतं.

"मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, याला आपली काळजी वाटतेय. आता पण तेच विचारता. किती वाजता सुटली, किती वाजता निघालीस, उशीर का झाला. शब्द सगळे तेच हायत. पण आता तुम्ही विचारलं की झडती घेतल्यासारखं वाटतं."

मी म्हणालो, गुडघा दुखतोय, जरा पडतो. गुडघा दुखत नव्हता. दुसरंच काहीतरी दुखत होतं आणि ते कुठं आहे ते मला सांगता आलं नसतं.

१२ मार्च, बुधवार

एक गोष्ट मात्र राहतेच. बाकीच्यांचं समजू शकतो. इंद्रजितनं ते इतक्या पटकन का धरलं? त्याला काय पडली होती माझ्या अब्रूची? की तिच्या?

त्याचा ट्रॅक्टर सुटत होता म्हणून, असं दत्तोबा म्हणतो. दत्तोबाचं पटावं असं फार वाटतं.

६ मे, मंगळवार

शाळेला सुट्टी लागली. उत्कर्षा श्रेयाला घेऊन डाळजला गेली. दरवर्षी चार दिवस जाते. यंदा पेटी मोठी होती. निघताना म्हणाली, "शाळा उघडायच्या आत बघू." येईन म्हणाली नाही.

मी विचारणार होतो, कुठल्या एसटीनं जाणार. तोंड उघडलं आणि मिटलं. ते तिनं बघितलं.

मसुदा अजून कपाटात आहे. वकीलबाईंचा दोनदा फोन येऊन गेला.

१४ मे, बुधवार

काल दत्तोबा बघून आला म्हणे, इंद्रजितची गाडी भिगवणच्या बाजूला चालली होती. भिगवणला शंभर कामं असतात. मासे आणायला जातात लोक. हे मी स्वतःला सकाळपासून सांगतोय. फोन हातात घेऊन डाळजचा नंबर काढला. उचलला असता तर पहिलं काय विचारलं असतं, ते मला ठाऊक होतं. फोन आईकडे दिला आणि म्हणालो, तू बोल, श्रेया काय म्हणते ते विचार.

श्रेया म्हणते, आजीनं तिला मासा सोलायला शिकवलं. आईनं हे दोनदा सांगितलं. उत्कर्षाचं काही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

आज दिवसभर मला स्वतःचा वीट आला.

३० मे, शुक्रवार

दुकानात गल्ल्यावर बसून एक शिकलो. माणूस एका जागी बसला की सगळ्या रस्त्यावर नजर ठेवतो. कोण कुणाच्या गाडीवर, कोण किती वाजता. दत्तोबा वर्षानुवर्षं मशीनवर बसून तेच करतो आणि मी त्याला हसत होतो.

११ जून, बुधवार

बारामतीला एकटा गेलो. जिना एक एक पायरी करून चढलो. वकीलबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, आता मुदत संपत आली. सही करून आणलीय?"

मी म्हणालो, "बाई, गाडी घसरली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

"विजयसिंह, मी परत सांगते. दावा खोटा नाही तुमचा. त्यांचा निम्मा दोष खरा आहे. गुडघ्याचं काय करणार?"

"मोटरसायकल दुरुस्त करून विकली. थोडं त्यातून, थोडं दुकानातून. चालवता तर येत नाहीच." एवढं सांगितलं. मग पुन्हा म्हणालो, "घसरलीच होती. मला आता चांगलं आठवतंय."

"उद्या पश्चात्ताप झाला तर मुदत गेलेली असेल."

"होईल," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं. गुडघा दुखेल तेव्हा होणारच आहे. आणि इंद्रजित गाडीतून आडवा गेला की होणार आहे.

बाईंनी चहा मागवला. कपबशीत आला. नक्षी होती की नाही, बघितलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. उत्कर्षा. बारामतीला जाऊन आल्याचं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, बहुतेक आईनं. म्हणाली, "रविवारी दुपारी दोनच्या एसटीनं निघतोय. साडेतीनपर्यंत येऊ."

मी विचारलं नव्हतं.

१६ जून, सोमवार

आज शाळा उघडली आणि आजच मला बारामतीला पाय दाखवायचा होता. उत्कर्षा म्हणाली, भवानीनगरपर्यंत स्कूटीवर सोडते, तिथून एसटी धरा. मोरपंखी साडी नेसली होती. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच.

गुडघा वाकत नाही, त्यामुळे मागं दोन्हीकडे पाय टाकून बसता येईना. मग बायका बसतात तसा एका अंगाला बसलो. दत्तोबा मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. आता सगळ्या सणसरला कळणार. एका हातानं तिचा खांदा धरायला लागला, तो मी धरला, आणि तिनं काढून टाकला नाही.

एका अंगाला बसलं की तोंड रस्त्याच्या डाव्या बाजूला होतं. म्हणजे बरोबर इंद्रजितच्या बंगल्याकडे. हे निघताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते गेट लांबून दिसायला लागलं आणि आलं. दोन सिंह, एकाचा कान उडालेला. अंगणात स्वतः इंद्रजित, बनियनवर, बादलीनं ट्रॅक्टर धूत होता. हंगाम संपल्यानं ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागं रिफ्लेक्टरची नवी कोरी लाल पट्टी चिकटवलेली. उन्हात चमकत होती. आधी या पट्ट्या नव्हत्या याचा एवढा चांगला पुरावा दुसरा मिळाला नसता, आणि मुदत उद्यापर्यंत होती. त्यानं मान वर केली.

मी मान फिरवली आणि मानेला रग लागेपर्यंत समोर, तिच्या वेणीकडे बघत बसलो. खांद्यावरचा माझा हात घट्ट झाला असणार.

"बघा हवं तर," उत्कर्षा म्हणाली. "आज रस्त्याकडं मी बघतेय."